खालच्या ओळी

नातीनं पास आणला म्हणून गेलो
पणजीला, मांडवीकाठच्या थिएटरात.
गुंडांचा विनोदी पिच्चर, कँटोनीज.
खाली इंग्रजी ओळी पळत होत्या
म्हापशाची शेवटची शटल सुटत असल्यासारख्या.
दहाव्या मिनिटाला त्यांचा नाद सोडला.

आता माझं मत.

मी एकोणीस वर्षं मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या,
म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागे.
गुंड मला कुणी वाचून दाखवायला नको.
शेट हळू बोलला की कुणाचं तरी वाईट आहे,
शेटनं चहा पाजला की ते आजच आहे.
तिकडंही तसंच निघालं.
लोक ओळ वाचून हसायचे,
मी आधीच हसून मोकळा.
पुढच्या रांगेतल्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

गोष्ट अशी: चोरायला जातात सोनं,
हाती लागतो बर्फाचा ट्रक, आत मासळी.
उजाडायच्या आत विकायची, नाहीतर वासच साक्ष देणार.
मग तो अंगभर गोंदलेला,
ज्याच्या सुऱ्यापुढं कुणी घासाघीस केली नाही कधी,
फुटपाथवर उकिडवा बसतो,
आणि एक म्हातारी कल्ले उचकटून विचारते,
कधीची रे?
चाराच्या भावात सहा देतो बिचारा.
मी खुर्चीत आडवा.
हे ज्यानं लिहिलं
त्याची आई नक्की बाजारात बसलेली.

शेवटची गोळीबारी मात्र लांबली.
एवढ्या गोळ्यांचे पैसे कोण देतो?
खरी भीती बिनआवाजाची,
भरदुपारी अर्ध्यावर ओढलेल्या शटरची.

आणि एक जागा.
त्यांचा हिशोबनीस, बारीक, चष्मेवाला.
त्याला बर्फाच्या पेटीत घालतात,
झाकण बसेना म्हणून वर जाड्या बसतो.
थिएटर फुटलं हसून.
तेवढी एक ओळ मी वाचली, अक्षरं जुळवत:
हिशोब जमला.

आमचा रुझार माझ्याच बाकावर बसायचा.
आकडे सुरेख काढायचा, साताच्या पोटातून आडवी रेघ,
पोर्तुगीज शाळेतली सवय.
एका शुक्रवारी कुष्टा शेटनं त्याला चहा पाजला.
शनिवारपासून त्याची वही मी लिहिली.

बाहेर रस-ऑम्लेटचा गाडा,
नदीत कॅसिनोचे दिवे.
आजो, पाचात किती?
चार, म्हटलं.
तिनं मोबाइलवर चार टाकले.
पाव बुडवता बुडवता म्हटलं, तीन कर.
मग म्हटलं, राहू दे, चारच.
म्हातारी चांगली होती.