उजवी सीट

पत्र आलं अरबीत आणि इंग्रजीत,
दोन्हीत आधी माफी.
उजव्या एअरबॅगमागची धातूची डबी
वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन बिघडू शकते.
मग धडकेत पिशवी फुगताना
पत्र्याचे तुकडे उडतात, बसलेल्याच अंगावर.
दुरुस्ती विनामूल्य.
तोपर्यंत त्या सीटवर कुणाला बसवू नये.

मी हसलो.
सात वर्षांत तिथं बसलंय माझं हेल्मेट,
आठवड्याचा किराणा,
आणि एकदा एक कलिंगड, ज्याला मी पट्टा लावला
कारण गाडी टीं टीं थांबवेना.

सोहारमध्ये जूनला स्टिअरिंग रुमालानं धरावं लागतं,
पहाटे काचांना बाहेरून घाम.
डबीला काय बोलणार?
मीही इथंच उभा असतो.

सर्व्हिस सेंटरात हमद बलुशीनं चासी नंबर टाकला.
आहे, म्हणाला, यादीत आहेस. पार्ट नाही.
सहा आठवडे, इन्शाल्ला.
म्हटलं, बायको येतेय गुरुवारी.
किती दिवस?
तीस.
त्यानं हिशेब केला नाही,
माझ्या कपात पुन्हा कहवा ओतला.

आता मी पडलो पोर्टातला माणूस,
वॉल्व्हना लाल टॅग बांधणारा.
टॅग माझा, सही माझी, सोडायचाही मीच.
‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणणाऱ्या इंजिनिअरलाही
मी कधी हात लावू दिला नाही.

मस्कतच्या विमानतळावर शैला
सवयीनं गेली डाव्या दाराशी.
तिथं स्टिअरिंग. हसली. वळसा घालून उजवीकडं आली.
म्हटलं, तिथं नाही. मागं.
मागं?
सांगितलं सगळं, डबी, दमट हवा, तुकडे.
कुरुंदवाडच्या पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेत ती म्हणाली,
सत्यनारायणाला तरी उजवीकडं बसवता.

महिनाभर मग ती मागं साहेबासारखी
आणि मी पुढं ड्रायव्हर.
आरशात एक डोळा, अर्धी टिकली,
मागं पळणाऱ्या खजुरीच्या रांगा.
बोलायचं ते रस्त्याकडं बघून.

सहमच्या चौकात ती म्हणाली,
मार्चमध्ये गाठ तपासून घेतली. छातीतली.
काही निघालं नाही.
तुम्हाला कळवलं नाही, उगाच कशाला.

मला मान वळवता येईना.
इंडिकेटर टिकटिकत राहिला, मागून हॉर्न.
दोन भाषांत सोडाच,
मला एका भाषेतही पत्र नव्हतं.

पुढच्या पंपावर गाडी लावली
आणि मागं जाऊन तिच्याशेजारी बसलो.
पुढं कुणीच नाही. एसी चालू.
पंपावरचा पोरगा काचेला नाक लावून बघत राहिला,
किती टाकू हे विचारायचं कुणाला.
आम्ही पेढा खाल्ला. त्यालाही दिला.

ती गेली. पार्ट आला तेरा दिवसांनी.
चाळीस मिनिटांचं काम.
हमदनं जुनी डबी दाखवली,
चुन्याच्या डबीहून थोडी मोठी, वरून नवीकोरी.
मजुरी शून्य, पार्ट शून्य,
एकूण शून्य रियाल शून्य बैसा.
खलास, म्हणाला, आता बसव कुणालाही.
टॅग सोडताना करतो तशी सही केली,
पूर्ण नाव, तारीख, वेळ.

घरी येताना हेल्मेट मागं टाकलं.
पावतीचा फोटो शैलाला पाठवला.

रात्री तिच्याकडून फोटो आला,
मार्चचा रिपोर्ट. दोन पानं, चार घड्या पडलेली.
खाली लिहिलं होतं,
तुमच्या फायलीला लावून ठेवा.