सव्वापाचची नदी

सव्वापाचला बिजॉय बटण दाबतो
आणि अल ऐनमध्ये नदी उगम पावते.
आधी जमिनीखाली गुरगुर,
मग काँक्रीटच्या तळाला ओल, मग फेस,
मग चारही पंप एकदम,
आणि इतक्या वर्षांनंतरही माझे पाय
आपोआप दोन पावलं मागे सरतात.

कोलाडला भोंगा व्हायचा.
वरच्या अंगाला विजेचं काम उरकलं
की उरलेलं पाणी आमच्या वाट्याला.
आई पिळायचं धुणं तसंच टाकून काठ चढायची;
पाणी दिसायच्या आधी तिला वास यायचा,
गार, शेवाळी, बोगद्यात रात्र काढलेला.
आज्याने अंगठा उठवून
नदीकाठच्या जमिनीवर पाणी सोडलं होतं.
धरणाने मग रोज सोडलं, घड्याळ लावून.
मी त्यावर राफ्ट घातली.
'पुढे! मागे! वाका!' ओरडत
तीन तासांची नदी बारा वर्षं विकली.

इथल्या पाण्याला क्लोरीनचा वास.
खडक प्लास्टिकचे, बोल्टांनी आवळलेले.
मोसम बदलला की टेक बहादूर पाना घेऊन उतरतो,
एक खडक डावीकडे, एक जरा खाली,
म्हणतो, आमच्या भोटेकोशीत हे काम देव करायचा,
त्याला ओव्हरटाइम मिळत असेल का?

आणि पाणी तेच. खालच्या तळ्यातलं उपसून परत वर.
दुपारी ज्याला शिवी घातली
ते संध्याकाळी ओळख ठेवून तोंडावर येतं.

त्या गुरुवारी राफ्टमध्ये नबील नावाचा इजिप्शियन नकाशावाला,
फिलिपिन्सच्या दोन नर्सा, ड्युटी संपवून थेट आलेल्या,
आणि पुढे हमदान, वय वर्षं नऊ,
मामाच्या दंडाला घट्ट धरून.
दुसरी घसरण नीट उतरलो.
तिसरीच्या तोंडाशी नाक वाकलं, नर्सा किंचाळल्या,
मी वल्हं रोवलं,
आणि दिवे गेले.

तोंडचं पाणी पळतं हे ऐकून होतो,
बुडाखालचं पळताना पहिल्यांदाच पाहिलं.
फेस आधी विरला. मग लाटा,
जणू कुणी चादर ओढून घ्यावी.
राफ्ट टेकली, म्हैस बसते तशी,
एक बाजू आधी, मग दुसरी.

इतकी शांतता मी या जागेत कधी ऐकली नव्हती.
दूर जबल हफीतच्या घाटात गाड्यांचे दिवे चढत होते.
तळाशी एक चप्पल, दोन गॉगल,
कुणाची तरी कवळी, खालची.
नबील तिच्याकडे बघून इतका हसला
की त्याला उचकी लागली.

हमदानने विचारलं, नदी कुठे गेली?
मामा म्हणाला, खलास.

कोलाडला पाणी बसलं की पोरं डबक्यांवर तुटून पडायची,
अडकलेले मासे हाताने मिळायचे.
माझा हात गेलाच राफ्टखालच्या डबक्यात.
सवय. बोटं फिरवली कोपऱ्यापर्यंत.
बोल्ट लागला एक, सैल झालेला.
तो मी खिशात टाकला, टेक बहादूरला द्यायला.

वॉकीटॉकीवर बिजॉय: दोन मिनिटं, चेट्टा, दोन मिनिटं.
दोनाची सात झाली.
नर्सांपैकी एक बसल्या जागी झोपलीसुद्धा.
हमदान राफ्टबाहेर वाकला,
हेल्मेट काढून त्याने कान
काँक्रीटच्या भिंतीला लावला.
मी रागवणार होतो, नियम आहे तसा.
त्याने बोट वर केलं. गप्प.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.
त्याला येत होतं.

'पकडा!' मी ओरडलो,
शब्द मराठीतच बाहेर पडला,
आणि अर्थ न विचारता
सहाच्या सहा जणांनी दोर धरला.