शाईचा ठिपका

ट्रेसिंग कापडावर मी ओढलेली पहिली रेघ
अठरा मीटरचा रस्ता होती.
उपाध्येसाहेब पाठीशी उभे:
सरळ घ्या बाई, सरळ.
सरळ म्हणजे व्यंकटपुऱ्यातून,
म्हणजे एका हौदाच्या पोटातून.
नकाशात हौद नव्हता.
नकाशात तिथं कोरी जागा होती.

जेवणाच्या सुट्टीत बाबालाल नदाफ टेबलाशी आला.
पाणीपुरवठ्याचा फिटर.
रेघेवर बोट टेकवलं,
बोटाला शेंदूर, नळाच्या आट्यांना लावतात तो.
इथं खाली पाणी चालतंय, म्हणाला.

संध्याकाळी त्यानं मला पेठेचा उतार हिंडवला.
पहारीचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाला.
मलाही लावायला दिलं.
आधी माझंच रक्त ऐकू आलं,
मग त्याच्या मागून, बारीक,
यवतेश्वराकडून उतरणारं काहीतरी.
भाजल्या मातीचे नळ, एकाच्या तोंडात दुसरा,
सांध्याला चुना,
मध्येच विटांचा उच्छ्वास,
पाण्यालाही दम खायला जागा लागते म्हणून.
कुणाची आखणी ही? मी विचारलं.
सही नाही कुठं, बाई. गळतीपण नाही.

रेघ हलवणं माझ्या पगारात बसत नव्हतं.
मी फक्त एक ठिपका दिला,
मुगाच्या डाळीएवढा, हौदाच्या जागी.
साहेबांनी चष्मा वर केला: हे काय?
शाई सांडली, म्हटलं.
ब्लेडनं खरवडून टाका.
हो म्हटलं.

अमोनियाच्या वासात प्रती निघत गेल्या,
प्रतीवरून प्रत, आणि प्रत्येकीत ठिपका.
आराखडा दुसऱ्यांदा झाला तेव्हा
एका नव्या पोरानं, मला न विचारता,
काहीतरी असणार म्हणून
रस्ता तिथून थोडा वळवला.

परवा वारसा समितीची माणसं आली.
टेप लावली, फोटो काढले,
दगडी झाकणावर पांढऱ्या रंगात एक्केचाळीस लिहिलं.
'जतनाचे कारण' या रकान्यात
स्थापत्यमूल्य.
बाबालाल वारला त्याला नऊ वर्षं झाली,
त्याची पहार कुठल्या भंगारात गेली, देव जाणे.

त्या वळणाला रिक्षावाले शिव्या घालतात.
एकदा मीही घातली, मागच्या सीटवरून.
पुण्याची एसटी सुटत होती.