पाणी कुठवर आलं होतं

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी रात्रपाळीत होते,
सात नंबरचं सलाइन संपत आलं होतं.
वाचली, घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली.
सकाळी ह्यांना म्हटलं, सांगली. जूनच्या आत.

मग चार रविवार जतहून पहाटेची एसटी,
स्टँडवर भावजींची स्कूटर, तिच्यावर आम्ही तिघं,
मध्ये अक्कू, दप्तरासारखी दाबलेली.
एजंट पाटोळे पुढं, मोबाइल कानाला लावून.
त्याच्या तोंडी प्रत्येक घरापासून शाळा पाच मिनिटांवर.

विश्रामबागेतल्या शाळेत फी ऐकली
तेव्हा हे हेल्मेट घालूनच खुर्चीत बसले होते,
ते काढायचंही राहून गेलं.
मॅडमनी अक्कूला नाव विचारलं.
तिनं अख्खं सांगितलं, पणजीचं आहे तसं,
अक्कमहादेवी चनबसप्पा बिराजदार.
मॅडम हसल्या. काही शॉर्ट नाही का?
आयकार्डावर मावत नाही हो एवढं.

कुपवाडला घर बरं होतं, भाडंही.
शाळा मात्र चार शटरच्या गाळ्यात,
वर्गाच्या भिंतीला पलीकडून कसलं तरी मशीन
दिवसभर धडका देत होतं.
अक्कूनं भिंतीला कान लावला, म्हणाली, छान आहे.
आम्ही निघालो.

गावभागात बघू नका, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.
म्हणून मी प्रत्येक दारात आधी तेच विचारायची,
पाणी कुठवर आलं होतं?
कुणी म्हणे दोन पायऱ्या.
कुणी म्हणे आमच्यात नाही, शेजारी आलेलं.
एक आजोबा उलट मलाच विचारते झाले,
कोणत्या साली?
एकीनं पंख्याकडे बघितलं
आणि म्हणाली, चहा टाकते, बसा.

आमच्याकडे जन्मभर विचारत आलो,
पाणी कधी येणार.
टँकरचा हॉर्न ऐकून वर्गातली पोरं
खिडकीला लटकायची, गुरुजी काही बोलायचे नाहीत,
त्यांचीही घागर रांगेत असायची.

शेवटी त्याच भागातली शाळा. जुनी, कौलारू.
फाटकाच्या आत, भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ,
खाली तारीख.
मी काही बोलायच्या आत अक्कू रेघेला पाठ लावून उभी.
हात डोक्यावर आडवा. अजून दोन वीत, आई.
पाचवीत पोचेन?

इनामदार बाईंनी फी सांगितली, गणवेशाचं दुकान सांगितलं.
मी माझा प्रश्न विचारला नाही,
भिंतीनं उत्तर दिलंच होतं.
दुसरा विचारला,
पाणी चढायला लागलं की तुम्ही आधी काय उचलता?
बाईंनी जराही विचार केला नाही.
मुलं आधीच घरी. मग जनरल रजिस्टरं,
पहिल्या वर्षापासूनची, माळ्यावर.
मग तांदूळ. मग पेटी.
बाकं भिजतात, वाळतात.

मी तेवीस वर्षं वॉर्डात काढली आहेत.
आग लागली तर आधी कोण, मग कोण,
हे ज्याला पाठ असतं
त्याच्या हवाली माणूस सोडता येतं.

फॉर्मवर बाईंनी नाव लिहिलं,
एका ओळीत मावेना, तर खालची ओळ घेतली.

बाहेर अक्कूला तहान लागली होती,
नळ उंच. ती स्वतःशीच पुटपुटली, नीरु.
झाडणाऱ्या मावशींनी खराटा टेकवला,
बा इल्ली, म्हणाल्या, आणि ओंजळ धरली.
मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपला शोधत होते.

खोली विजयनगरला घेतली, दुसऱ्या मजल्यावर,
भाडं झेपतं त्याहून थोडं जास्त.
शाळेला रिक्षा, महिन्याला नऊशे.
पाटोळे म्हणाला, ताई, लोक शाळेजवळ घर बघतात,
तुम्ही शाळेपासून उंच घर बघताय.

सासूबाईंचा फोन आला.
पाणी आहे का गं तिथं?
आहे म्हटलं.
भरपूर?
मी म्हटलं, अत्या, अक्कूशी बोला.