शेकडा

मिरजेच्या कागदावर दोन रेघा आहेत:
लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या.
निघतात ठीकठाक
आणि मधेच पायरी चुकल्यासारख्या खाली येतात.
बाबांनी कागद उजेडात धरला,
नखानं गोल मोजले, फुल्या मोजल्या.
"काठ बिघडलाय की गं. कार्ड चुकीचं पंच केलंय कुणीतरी."
एकतीस वर्षं वडगावच्या मागावर
दुसऱ्यांच्या साड्यांचे काठ तपासलेला माणूस.

खिडकीतल्या बाईंनी रेघा बघितल्या नाहीत,
शिक्का बघितला.
"महाराष्ट्रद्दु. नडियंगिल्ल."
चालत नाही.
मॅडम, मी म्हटलं, हेच कान घेऊन आम्ही मिरजेला गेलो
आणि हेच घेऊन परत आलो.
त्यांनी मागच्या माणसाकडं हात केला.

फॉर्म कन्नडातला.
"थांबा, मी वाचतो," म्हटलं मी
(आमच्या वडगावात मुलीसुद्धा 'वाचतो'च म्हणतात).
अर्जी. दाखले. शेकडा.
एवढे शब्द दोन्हीकडचे.
कुणी कुणाकडून नेले होते कोण जाणे,
अजून तरी कुणी परत मागितलेले नाहीत.

मग जिल्हा दवाखाना, तिसरा मजला.
शिपाई दारातून ओरडतो, केळरी, केळरी,
ऐका हो.
बाबा त्याच्या ओठांकडं बघतात
आणि मला विचारतात, "केळी कसली विकतोय हा?"
मोठ्यानं. त्यांना वाटतं, हळूच विचारलं.

खोलीला आतून स्पंज लावलेला,
गादीच्या दुकानात असतो तसला.
कानांवर हेडफोन, हातात बटण.
आवाज आला की दाबायचं.
काचेतून मी बघत होते.
बाबा दाबत होते. पुन्हा दाबत होते.
एकसारखं, न चुकता, डोळे मिटून.
तपासणाऱ्या मुलीनं अजून आवाज सोडलाच नव्हता.
"नाटक करतायत काय?" ती म्हणाली,
आणि कागदावर लिहिलं: भरवसा नाही.

नंतर जिन्यात बाबा म्हणाले,
"माग ऐकू येत होता.
एवढ्या शांत खोलीत जास्तच येतो.
मला वाटलं, तोच विचारतायत."

कारखाना बंद पडून चार वर्षं झाली.
तिथं आता लग्नाची भांडी भाड्यानं मिळतात.

पुढच्या बुधवारी डोक्याला वायरी लावल्या.
ह्यात माणसाला काही विचारायचं नसतं,
नसेलाच विचारायचं.
झोपा, म्हणाले. बाबा झोपले,
तोंड उघडं, हात पोटावर,
दुपारपाळी संपल्यावर झोपायचे तसे.
पडद्यावर बारीक रेघा सरकत राहिल्या,
तुटक्या, गाठी मारलेल्या.
पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल कुणी
त्यांच्याशिवाय बोलत होतं,
आणि तेच खरं धरलं जाणार होतं.

शेकडा त्रेचाळीस.
चाळीस लागतात.
तीन जास्तीचे आहेत म्हणून मला आनंद झाला,
इतका, की बाबांच्या खांद्यावर थाप मारली.
ते दचकून जागे झाले.
त्या आनंदाचं पुढं काय करायचं ते कळेना,
मग खाली जाऊन झेरॉक्स काढल्या. तीन प्रती.

त्याच खिडकीत, त्याच बाईंनी
पुठ्ठ्याची फाईल घेतली, पावती दिली.
नाव: दाकलू रामू हलगेकर.
मॅडम, धाकलू. ध.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
दुरुस्तीला वेगळी अर्जी लागते,
सोबत दाखले.

बाबांनी पावती माझ्या हातातून घेतली,
उजेडात धरली,
नावावरून नख फिरवलं
आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले,
"ह्यांना पण वाईच कमीच येतंय की गं ऐकू.
ह्यांचा शेकडा किती?"

मागचा एकजण हसला. बाई हसल्या नाहीत,
पण पेन उचललं,
आणि 'दा'च्या पोटात एक टिंब दिलं.
कन्नडात एवढ्यानं ध होतो म्हणे.