गणंग

मटकी काल सकाळी भिजत घातली,
रात्री उपसून फडक्यात बांधली
आणि वर वरवंटा ठेवला, उगाच,
आई ठेवायची म्हणून.
आज गाठोडं सोडलं तर
फडक्याच्या आरपार शेपट्या.

हे चष्मा लावून बसले.
एकतीस वर्षं जेलरोडच्या प्रेसमध्ये
उजेडाखाली नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, बाजूला.
आता परातीत मटकी पसरून
न भिजलेला दाणा शोधतात.
"हा गणंग," म्हणतात,
आणि वाटीत वेगळा टाकतात,
जणू खाली कुणाची सही लागणार आहे.

डॉक्टर म्हणाले होते, भात कमी, कच्चं जास्त.
पहिल्या दिवशी ह्यांनी काकडीकडे पाहिलं
बदलीच्या ऑर्डरकडे पाहावं तसं.

वरई बुधवारच्या बाजारातली, नदीकाठच्या.
पेठकडची मंजुळा गावित मापट्याने घालते,
वर एक मूठ, न मागता.
"उपासाला का?"
"नाही गं, रोजच्याला."
ती हसली. "मग आमच्यासारखं."

वरई मोकळी शिजवून पंख्याखाली गार केली.
गिरणाऱ्याचा टोमॅटो, बियांसकट.
कांद्याची पात, देठाकडची जास्त.
बीट सगळ्यात शेवटी,
नाहीतर अख्खं पातेलं त्याच्याच रंगाचं होतं,
काही माणसं असतात तशी.
चार द्राक्षं चिरून टाकली, घडावरून गळालेली,
डॉक्टरांना न विचारता.
दाण्याचं कूट, लिंबू, मीठ.
फोडणी नको, असंही म्हणाले होते ते.
मी चमचाभर तेलात मोहरी तडतडू दिली.
तो चुर्र आवाज झाल्याशिवाय
आमच्याकडे पानावर कुणी येत नाही.

एक गणंग राहिलाच.
कडक्.
ह्यांचा जबडा जागीच थांबला.
एकदा, नाशिकरोडला राहायचो तेव्हा,
आपल्या हातून एक खराब नोट पुढे गेली
अशी नुसती शंका आली,
तर तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता ह्यांच्या.
मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून पाहत राहिले.

दाणा जिभेने पुढे आणला,
तळहातावर घेतला,
ट्यूबलाईटखाली धरला, उलटा, सुलटा.

"सुटला," म्हणाले.
आणि वाडगा पुढे केला.
"वाढ अजून. तुझी भाकरी करपतेय."