मूठभर सातू

पाण्यात हात घालून तो अंश सांगायचा,
कोपरापर्यंत, बाही न दुमडता.
"चौदा," म्हणायचा. "आज थोडंच."
मी मागून थर्मामीटर सोडायची.
चौदा. फार तर साडेचौदा.

तीस वर्षं सरकारी तळ्यांवर होता ओल्द्रिख.
सपाट होडीतून भिजवलेला सातू टाकायचा
पाण्यात रोवलेल्या खुंटांपाशी,
सोमवारी आणि गुरुवारी.
गुरुवारी आधी लांब दांड्याच्या पळीनं तळ चाचपायचा.
सोमवारचे दाणे पळीत आले
की होडी तशीच माघारी.
"उपाशी मासा वाट बघतो," म्हणायचा,
"उष्टं पाणी नाही बघत."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला सांगितलं,
कार्पला जठर नसतं, व्लास्ता.
घशात दात, आणि मग नुसतं लांबच लांब आतडं.
पोट भरलं हे त्याला कळणार कुठून?
ते आपल्याला कळायला हवं.
आणि हसला,
माझ्या ताटात उकडलेल्या पावाची तिसरी चकती सरकवत.

आता घरामागं एवढंसं तळं. अकरा कार्प.
यंदा मे महिन्यात पाणी हिरवं झालं,
मटाराच्या सूपासारखं.
मी पंपाला बोल लावला,
मग शेजारच्या यारमिलाच्या बदकांना.
जूनमध्ये एक मासा कुशीवर होऊन वर आला.
मग एके दिवशी चादरी वाळत घालता घालता मोजलं:
सातला. नऊला. नऊ वाजून दहा मिनिटांनी.
बाराच्या घंटेला दोनदा.
दर वेळी तोच पत्र्याचा डबा, तीच शीळ,
दर वेळी तोंडावर नुकतीच उजाडलेली सकाळ.
आणि मासे, ते कशाला नको म्हणतील?
दर वेळी तितकेच आ वासून.

मी ओरडले. एकदाच.
तो डबा छातीशी धरून उभा राहिला
दुसऱ्याच्या बागेत सापडलेल्या पोरासारखा.
"आज तर मी घातलंच नाही," म्हणाला.
त्याच्यापुरतं ते खरं होतं.
मी पोटात घातलं.
मला आहे ते.

आता रोज रात्री मोजून ठेवते.
पाणी वीसच्या वर असेल तर दोन मुठी,
दहा तोंडं पाच मिनिटांत संपवतील एवढ्याच.
पंधराला एक.
त्याखाली अर्धी, तीही दुपारी,
ऊन पाण्यात उतरल्यावर.
जे असेल ते आगपेट्यांत वाटते.
नऊ आगपेट्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं.
तो आला की एक देते.
दहाव्या खेपेला दहावी असते, तिच्यात काहीच नसतं.
तो ती पाण्यावर मन लावून झटकतो,
मासे वर येतात, पाणी ढवळतं,
"बघ," मला हाक मारतो, "किती भरभर संपवलं!"

ऑगस्टच्या शेवटी पाणी निवळलं.
तळाचा दगड दिसला,
दगडावर त्याचा वसंतात हरवलेला चष्मा.

नोव्हेंबरात एका सकाळी त्यानं मला विचारलं,
तू कुणाकडची?
त्याच दुपारी तळ्याशी वाकला,
कोपरापर्यंत हात, बाही ओलीचिंब.
"आठ," म्हणाला. "आता बंद.
आता बर्फ वितळेपर्यंत दाणाही नाही."
मी थर्मामीटर सोडला नाही.
आगपेट्या चुलीत घातल्या, एक एक करून.

जानेवारी. बर्फात बोरूची पेंढी उभी केली आहे,
तेवढ्या फटीतून खाली हवा जाते.
मासे तळाशी एकमेकांना टेकून असतील,
कल्ले हलले तर हलले.
तो खिडकीशी बसतो, गुडघ्यांवर कांबळं.
"खायला घातलं त्यांना?"
"आत्ताच," मी म्हणते.
चहा गाळून होईतो पुन्हा,
"घातलं का?"
"हो, आत्ताच."
तो मान हलवतो, होडीतल्या त्या जुन्या माणसासारखी,
आणि माझ्याकडे जरा संशयानं बघतो.
"जास्त नाही ना घातलंस?"